एक कोच, दोन प्रतिस्पर्धी

रविवार, रात्री उशिरा

२०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमधलं पुरुषांचं फिगर स्केटिंग आज पुन्हा बघितलं. म्हणजे बसले स्केटिंग बघायला, पण लक्ष सगळं कोच ब्रायन ऑर्सरकडे. जपानचा युझुरू हान्यू त्याचा शिष्य आणि स्पेनचा हाविएर फर्नांडिसही त्याचाच. सराव दोघांचा टोरांटोत, एकाच रिंकवर. हान्यूला सुवर्ण, फर्नांडिसला कांस्य. अशा वेळी कोचने नक्की कुठला चेहरा घेऊन बसायचं?

मला मात्र जास्त कुतूहल त्यांच्या रोजच्या सरावाचं. रिंकवर साधा नियम असतो, ज्याचं म्युझिक लागलंय त्याला वाट द्यायची. म्हणजे ज्याला हरवायचंय त्याच्यासाठीच रोज बाजूला व्हायचं, कठड्याला टेकून दम खात त्याचाच प्रोग्रॅम बघायचा. त्याची कुठली उडी आज बसत नाहीये, शेवटाकडे पाय कुठे जड होतात, सगळं पाठ. आणि त्यालाही तुमचं पाठ. झाकली मूठ वगैरे काही नाहीच!

हान्यू २०१२ मध्ये तिथे गेला, त्यामागे फर्नांडिसची चार गिरक्यांची साल्काव उडी हेही एक कारण होतं. ती रोज डोळ्यांसमोर हवी होती त्याला. पुढे २०१५ आणि २०१६ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला फर्नांडिस पहिला, हान्यू दुसरा. तरी प्योंगचांगला 'हे माझं शेवटचं ऑलिम्पिक' असं फर्नांडिसने सांगितलं, तेव्हा ढसाढसा रडला तो सुवर्ण जिंकलेला हान्यूच.

सगळीकडे असं गोडीगुलाबीने होत नाही म्हणा. त्याच ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या स्पर्धेत रशियन कोच एतेरी तुतबेरिद्झेच्या दोघी शिष्या समोरासमोर होत्या. मेदवेदेवा दोनदा जगज्जेती, तर १५ वर्षांची झागितोवा आदल्या मोसमापर्यंत ज्युनिअर गटात. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या, लांब फेरीत, दोघींना अगदी सारखे १५६.६५ गुण, पहिल्या फेरीतल्या, शॉर्ट प्रोग्रॅममधल्या आघाडीवर झागितोवा जिंकली. हा सामना मला अजूनही सलग बघवत नाही. धाकटी आपल्याच शेजारी, आपल्याच कोचच्या हाताखाली तयार होतेय, हे मेदवेदेवाला रोज दिसत असणार.

काही महिन्यांत मेदवेदेवा कोचला सोडून टोरांटोला गेली, ऑर्सरकडेच. लोकांनी तिला बरंच ऐकवलं. मी तिच्या जागी असते तर मीही गेले असते, कदाचित त्याच आठवड्यात.