मोठ्या ताऱ्याच्या शेजारी छोट्यांचं काय होतं

गेले काही दिवस एकच विषय डोक्यात घोळतोय. जिथे तारे दाटीवाटीने जन्मतात आणि मधोमध एखादा राक्षसी तारा बसलेला असतो, तिथे अगदी छोट्या ताऱ्यांचं काय होत असेल?

मृग नक्षत्रातला तेजोमेघ घ्या ना, आपल्यापासून साधारण १३०० प्रकाशवर्षं लांब. त्याच्या गाभ्यात थीटा वन ओरायनिस सी हा तारा आहे, सूर्याच्या तीसेक पट वजनाचा, आणि त्याचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश इतका कडक की शेजारच्या कोवळ्या ताऱ्यांभोवतीच्या धूळ-वायूच्या तबकड्या तापून उडून चालल्यात, हबलच्या फोटोत त्या शेपट्यांसकट दिसतात. पुढे ग्रह ज्यातून बनणार तोच माल हा! मला ते फोटो बघून खरंच वाईट वाटतं.

मग छोटे तारे बनण्यावरच याचा परिणाम होत असेल का? इथे छोटे म्हणजे ब्राउन ड्वार्फ, गुरूच्या ७५-८० पटींपेक्षा हलके, ज्यांच्यात हायड्रोजन नीट पेटतच नाही (हे गणित १९६० च्या दशकात मांडणाऱ्यांत भारतात जन्मलेले शिव कुमार होते, मला याचा फार अभिमान वाटतो). एक कल्पना अशी की मोठ्या ताऱ्याचा प्रकाश कोसळणाऱ्या ढगाचा बाहेरचा भाग खरवडून काढतो आणि उरलेल्यातून ब्राउन ड्वार्फ होतो. दुसरी अशी की गर्दीत धक्काबुक्की होऊन हलकं बाळ पोट भरायच्या आधीच बाहेर फेकलं जातं. दोन्ही खऱ्या असतील तर गर्दीच्या, प्रखर जागी ब्राउन ड्वार्फ जास्त सापडायला हवेत.

आणि आरसीडब्ल्यू ३८ हा तर मृगापेक्षाही दाट आणि भडक ताऱ्यांचा गुच्छ, तिथे चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने मोजणी केली, २०१७ मध्ये निकाल आला: दोन ताऱ्यांमागे साधारण एक ब्राउन ड्वार्फ. ययाती तारकासमूहातल्या एनजीसी १३३३ या गुच्छात राक्षसी तारा नाही, तरी प्रमाण जवळपास तेच!! म्हणजे ढग फुटून तुकडे होतात तेव्हाच बहुतेक वजनं ठरत असावीत, शेजारी कोण आहे याने त्यात फारसा फरक पडत नाही, तबकड्यांची नासाडी मात्र नंतर होतेच.

पण मला वाटतं या निष्कर्षाची खरी परीक्षा गुरूच्या पाच-दहा पट वजनाच्या पिंडांवर होईल. मृगात वेब दुर्बीण तिथवर पोचलीये, आता तशीच मोजणी आरसीडब्ल्यू ३८ मध्ये व्हायला हवी.