पायलोरस राखलेल्या जठरात काल रात्रीची भाकरी

एंडोस्कोपीच्या पडद्यावर भाकरीचा लगदा आणि मेथीचे देठ ओळखू येत होते. जठराची शस्त्रक्रिया झालेले हे काका रात्री आठपासून उपाशी होते आणि ते खरंच सांगत होते. घशाला फवारा मारूनच तपासणी सुरू केली होती, गुंगी दिलेली नव्हती; तरी दुर्बीण लगेच बाहेर काढली. भरल्या पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

बाहेर त्यांच्या मुलीचा पहिला प्रश्न, "डॉक्टर, गाठ परत आली का? वाट बंद झालीय?"

काकांना जठराच्या मधल्या भागात अगदी सुरुवातीचा कर्करोग सापडला होता. नेहमीच्या शस्त्रक्रियेत जठराचा खालचा भाग पायलोरससकट, म्हणजे आतड्याकडच्या झडपेसकट, काढतात. काकांच्या जठराचा मधला भाग काढून उरलेली दोन टोकं जोडली होती आणि झडप राखली होती. जपानमध्ये माकी आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली ही पद्धत जठराच्या अल्सरसाठी मांडली. पुढे ती सुरुवातीच्या कर्करोगासाठी वापरात आली. त्यासाठी गाठीची खालची कड पायलोरसपासून निदान ४ सेंमी दूर हवी. झडपेलगतचा साधारण ३ सेंमी भाग, तिथली रक्तवाहिनी आणि जठराची हालचाल सांभाळणाऱ्या व्हेगस नसेची शाखा जपावी लागते. यात कसर राहिली तर झडप सुजते किंवा नीट सैलावत नाही.

फायदा खरा आहे. जेवल्यावर घाम, धडधड, चक्कर हा डंपिंगचा त्रास सहसा कमी होतो आणि पित्त उलटं जठरात कमी येतं. पण झडप जागेवर आणि दळणारं जातं गेलेलं, अशी अवस्था होते. जठराचा खालचा भाग, अँट्रम, घन अन्न १-२ मिमीच्या कणांपर्यंत दळतो, तेव्हा ते झडपेतून सुटतं. अँट्रमचा बराचसा भाग गेला तर पाणी, ताक झटकन खाली उतरतं आणि भाकरी वरच थांबते. म्हणून अन्न शिल्लक दिसलं की लगेच कर्करोग परतला, असं मी कधीच म्हणत नाही. पण नीट पाहिल्याशिवाय नाहीही म्हणता येत नाही.

त्यामुळे तारीख बदलून दिली. आदल्या दिवशी सकाळपासून फक्त पातळ: पेज, गाळलेलं कढण, नारळपाणी, रात्रीपासून उपास. त्या वेळी जठर स्वच्छ होतं, जोड रुंद होता आणि दुर्बीण पायलोरसमधून सहज पुढे गेली. गाठ नव्हती.

खरी दुरुस्ती ताटात होती. काकांच्या कवळीला नीट चावता येत नव्हतं, ती आधी बदलून घ्यायला लावली; दळायचं काम आता दातांकडेच आहे. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, रात्रीचं जेवण सातच्या आत, मग बसणं किंवा फिरणं, आडवं होणं नाही. मेथीचे देठ, शेवग्याच्या शेंगा, गवार, कणसाचे दाणे, संत्र्याच्या फोडींची सालं बंद, कारण तंतू साचून त्यांचा गोळा होतो. तळलेलंही कमी, चरबीने जठर आणखी सावकाश रिकामं होतं. वजन टिकवायला मऊ खिचडी, अंडं, दही, मुगाचं कढण. बी-१२ आणि लोह रक्तात तपासत राहायचं.

पोट जड वाटणं महिनोन्‌महिने हळूहळू कमी होतं, त्याला धीर धरावा. मात्र कालचं आंबलेलं अन्न वारंवार उलटून पडत असेल किंवा वजन उतरत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता यावं. झडप अरुंद झाली असेल तर दुर्बिणीतूनच फुग्याने रुंद करता येते.