भुसावळच्या रुळांवरून मूकपटांकडे : आतापर्यंतची वाटचाल

गेल्या पावसाळ्यापर्यंत माझे चित्रपट पाहणे बोलपटांपुरतेच होते. रहस्यपट, युद्धपट आणि जुने मराठी कौटुंबिक चित्रपट मी आवडीने पाहत असे; मूकपट हा अभ्यासकांचा प्रांत आहे असे समजून त्या वाटेला कधी गेलो नव्हतो. ती वाट खुली केली अमेरिकन विनोदी अभिनेता-दिग्दर्शक बस्टर कीटनच्या ‘द जनरल’ या 1926 च्या चित्रपटाने, आणि तीही भुसावळच्या घरी, वाफेच्या इंजिनांच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून हयात घालवलेल्या माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, शेजारी बसून. त्यानंतर मी जे मूकपट पाहिले आणि ते पाहताना जे हाती लागले, ते नव्याने या प्रकाराकडे वळणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे नोंदवत आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धात, 12 एप्रिल 1862 रोजी, उत्तरेकडील राज्यांच्या हेरांनी दक्षिणेतील जॉर्जियामध्ये आगगाडीचे एक इंजिन पळवून नेले होते. चित्रपट त्या घटनेवर आधारलेला आहे. कीटनने पाठलाग करणारा इंजिन ड्रायव्हर नायक केला आणि त्याला दक्षिणेच्या बाजूस ठेवले. गुलामगिरीवर चाललेल्या त्या युद्धाच्या कथेत गुलामगिरीचा विचार कोठेही येत नाही, ही उणीव मला आजही खटकते. तरीही या चित्रपटाने मला जिंकले, कारण यातील काम खरे आहे.

सुरुवातीच्या भागात प्रेयसीने झिडकारलेला नायक उदास होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे साइड रॉडवर, जाऊन बसतो. इंजिन हळूच चालू लागते, दांडा वर जातो, खाली येतो, त्याच्याबरोबर हा माणूसही वर-खाली होत राहतो, आणि इंजिन शेडमध्ये शिरू लागेपर्यंत त्याला त्याचा पत्ता लागत नाही. हे दृश्य येताच नानांनी चित्रपट थांबवायला सांगितला. वाफेचे थांबलेले इंजिन हलवताना रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडणारी झडप, किंचित जास्त उघडला गेला, तर चाके रुळाला न धरता जागच्या जागी गरगर फिरतात, आणि तसे झाले असते तर दांड्यावरचा माणूस वाचला नसता, हे त्यांनी मला समजावून सांगितले. “इंजिन चालवणारा पक्का असला पाहिजे, आणि बसणाऱ्याचा त्याच्यावर भरवसा असला पाहिजे,” असे ते म्हणाले. कीटनने स्वतः पुढे एका मुलाखतीत नेमका हाच धोका सांगितला आहे, हे मला नंतर वाचायला मिळाले. एक शब्दही न उच्चारता दुःख, यंत्र आणि धोका हे तिन्ही एका चौकटीत मांडता येतात, याचा प्रत्यय मला त्या दृश्यात आला.

पुढे चढावर चाके घसरू लागतात, तेव्हा नायक खाली उतरून रुळाकडेची माती फावड्याने रुळांवर टाकतो. मला तो केवळ एक विनोद वाटला असता. परंतु वाफेच्या इंजिनावर वाळूची पेटी असते आणि चाकांना पकड मिळावी म्हणून रुळावर वाळू सोडतात, हे नानांना सांगावे लागले नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होते. चाकांना पकड मिळते आणि इंजिन नायकाला मागे टाकून निघून जाते, तेव्हा ते मोठ्याने हसले. पाचोरा–जामनेर नॅरोगेजवर ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना धावत्या गाडीमागे पळून पुन्हा चढणे फारसे अशक्य वाटणार नाही. दुसऱ्या एका प्रसंगात नायक टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या सरपणाच्या डब्यावर, उभा राहून सरपण फोडण्यात इतका गढून गेलेला असतो, की त्याच्या पाठीमागून अख्खे सैन्य माघार घेते आणि शत्रूचे सैन्य पुढे सरकते, तरी त्याची मान वर होत नाही. भट्टीसमोर ड्यूटी केलेल्या माणसाला हे दृश्य अतिशयोक्तीचे वाटत नाही.

मात्र या चित्रपटातील सर्वांत देखणा प्रसंग माझ्या मते स्लीपरचा, म्हणजे रुळांखाली आडव्या घालतात त्या ओंडक्यांचा, आहे. शत्रूने रुळांवर लाकडी स्लीपर टाकून ठेवलेले असतात. नायक पुढे धावत जाऊन एक उचलतो, तोच मागून आलेल्या इंजिनाचा काऊकॅचर, म्हणजे पुढची उतरती जाळी, त्याला अलगद उचलून घेतो, आणि छातीशी धरलेल्या त्या वजनासह तो इंजिनाच्या तोंडाशी बसलेला असताना पुढे दुसरा स्लीपर आडवा दिसतो. हातातला स्लीपर तो पुढच्याच्या टोकावर असा आपटतो की दोन्ही उडून बाजूला पडतात. कॅमेरा लांब उभा आहे, माणूस, इंजिन आणि रूळ एकाच वेळी पूर्ण दिसत आहेत, त्यामुळे फसवणुकीला जागाच उरत नाही. त्या दिवसापासून मूकपट पाहताना मी चेहऱ्याआधी संपूर्ण चौकट पाहतो, आणि नव्या प्रेक्षकालाही हेच सुचवीन.

शेवटी जळता पूल कोसळून खरे इंजिन नदीत पडते. जुलै 1926 मध्ये ऑरेगन राज्यातील कॉटेज ग्रोव्हजवळ हे चित्रण झाले आणि ते एकदाच करता येण्यासारखे होते. त्या एका दृश्याचा खर्च 42,000 डॉलर झाल्याचे सांगतात. नदीत पडलेले ते इंजिन दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी काढले जाईपर्यंत तेथेच होते, हे ऐकून नाना बराच वेळ हळहळले.

त्यानंतर कीटनचाच ‘शेरलॉक ज्युनिअर’ (1924) पाहिला. मालगाडीच्या टपावरून धावणारा नायक इंजिनात पाणी भरण्याच्या नळाला लटकतो आणि पाण्याचा लोट त्याला खाली रुळांवर फेकतो. या प्रसंगात कीटनच्या मानेचे हाड मोडले होते आणि ते अनेक वर्षांनी एक्स-रे काढल्यावर कळले.

आता दोन व्यावहारिक बाबी, ज्यांवाचून माझी गोडी टिकली नसती. पहिली वेगाची. मूकपटांच्या काळात कॅमेरा बहुधा हाताने फिरवत, त्यामुळे चित्रणाचा वेग सेकंदाला साधारण 16 ते 24 चौकटी (फ्रेम) असा बदलत असे; बोलपटांनी 24 हा वेग पक्का केला. 18 च्या वेगाने टिपलेला तासाभराचा चित्रपट 24 ने दाखवला तर तो 45 मिनिटांत संपतो आणि माणसे उगाच लगबग करताना दिसतात. विनोदी प्रसंग मुद्दाम कमी वेगाने चित्रित करून पडद्यावर जलद दाखवत, ही गोष्ट वेगळी. पण गंभीर मूकपट हास्यास्पद वाटत असेल, तर दिग्दर्शकाला दोष देण्याआधी दुसरी प्रत शोधावी. दुसरी बाब संगीताची. त्या काळी चित्रगृहात वादक प्रत्यक्ष बसून वाजवत, म्हणून आज एकाच चित्रपटाच्या निरनिराळ्या प्रतींना निरनिराळे संगीत असते. एखाद्या प्रतीचे संगीत प्रसंगावर कुरघोडी करत असेल, तर मी आवाज सरळ बंद करतो.

आगगाडी नसलेला मूकपट मला धरून ठेवील का, ही शंका मला काही काळ होती. ती दिग्दर्शक मुर्नाऊच्या ‘द लास्ट लाफ’ (1924) या जर्मन चित्रपटाने फेडली. मोठ्या हॉटेलच्या दारावरचा एक वृद्ध दरवान, त्याचा सोनेरी बटणांचा रुबाबदार कोट, आणि तो कोट काढून घेऊन त्याला स्वच्छतागृहात कामाला लावल्यावर शेजाऱ्यांच्या नजरेत होणारा बदल, एवढीच कथा आहे. मूकपटांत पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या पाट्या येतात, तशा संवादाच्या पाट्या त्यात नाहीत. शेवटाकडे निवेदनाची एक पाटी येते, तेवढीच. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला वर्दीवरून ठरणारी पत समजावून सांगावी लागत नाही. वर्दी उतरल्यावर दरवान झालेल्या एमिल यानिंग्सची पाठ ज्या तऱ्हेने वाकते, ते पाहताना माझ्या आईने हातातले मेथी निवडणे थांबवले होते. कॅमेरामन कार्ल फ्रॉइंडने काही ठिकाणी कॅमेरा छातीला बांधून चित्रण केले, आणि दरवानाचा तोल जाताना आपलाही जातो तो त्यामुळे.

सध्या मी फाळक्यांकडे वळलो आहे. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण मिळत नाही, आणि आपल्याकडच्या सुमारे 1,300 मूकपटांपैकी फारच थोडे वाचले आहेत. जे वाचले त्यांत ‘कालिया मर्दन’ (1919) मला विशेष जवळचा वाटतो. त्यात कृष्णाची भूमिका फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली आहे, आणि कथा सुरू होण्याआधी ती निरनिराळे भाव करून दाखवते. मुलीला देवाच्या वेषात दाखवण्याआधी फाळके तिला मुलगी म्हणून समोर आणतात, हा मोकळेपणा मला फार आवडला. यानंतर निर्माते हिमांशू राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांचे ‘शिराझ’ (1928) आणि ‘प्रपंच पाश’ (1929) हे दोन मूकपट पाहायचे आहेत. पहिल्याला अनुष्का शंकर यांनी आणि दुसऱ्याला नितिन सॉनी यांनी अलीकडच्या काळात नवे संगीत दिले आहे. ते दोन्ही मी आधी आवाज बंद ठेवून आणि मग संगीतासह पाहणार आहे, आणि दोन्ही वेळच्या नोंदी पुढच्या टिपणात देईन.