मॉस्कोला न गेलेली वकीलबाई

यंदा त्रिपुरारी पौर्णिमा गाठायचीच, म्हणून रजा जमवून सांखळीला आलो. विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या काठावर ही गर्दी! सजवलेल्या नावा पाण्यात उतरत होत्या. शेजारी माझी भाची, पणजीला कायदा शिकते. म्हणाली, "मामा, तुझ्या फिलाडेल्फियात असलं काही असतं?"

आता काय सांगू! तिथल्या स्कूलकिल नदीकाठी नौकानयन क्लबांच्या जुन्या इमारतींची रांग आहे. रात्री त्यांच्या कडांवर दिव्यांच्या माळा लागतात, पाण्यात सगळं हलतं, आणि मला हाच काठ आठवतो. पहाटे फिरायला जावं तर अंधारातच आठ-आठ जणांच्या लांबट नावा सरसर निघून जातात. वल्ही मारणाऱ्या सगळ्यांची पाठ पुढे! समोरचं दिसतं ते नाव वळवणाऱ्या एकट्या कॉक्सला. आपला होडीवाला बघेल तर हसेल.

त्याच रांगेतल्या व्हेस्पर क्लबच्या अनिता डीफ्रान्झ. कॉलेजात जाईपर्यंत वल्हं हातात धरलं नव्हतं. पुढे पेनसिल्व्हानिया विद्यापीठात कायदा शिकता शिकता सराव, १९७६ ला माँट्रियलमध्ये आठ जणींच्या नावेत कांस्यपदक, आणि १९७७ मध्ये वकिलीची पदवी. महिलांचं नौकानयन ऑलिंपिकमध्ये आलं ते माँट्रियललाच, १९७६ साली. अंतर मात्र पुरुषांच्या निम्मं, १००० मीटर.

पदकापेक्षा मला त्यांचा खटला मोठा वाटतो. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या म्हणून राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्काराची हाक दिली, आणि अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीनेही तसाच ठराव केला. डीफ्रान्झ तेव्हा मॉस्कोची तयारी करत होत्या. इतर खेळाडूंना सोबत घेऊन त्यांनी आपल्याच समितीला कोर्टात खेचलं. जायचं की नाही, हे खेळाडूने ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. मे १९८० मध्ये निकाल विरुद्ध गेला. १९७८ चा क्रीडा कायदा खेळाडूला ऑलिंपिकमध्ये उतरण्याचा हक्क देत नाही, असं कोर्टाने सांगितलं. (भारताने हॉकीचं सुवर्ण जिंकलं ते हेच मॉस्को. बरेच बलाढ्य संघ तिथे फिरकलेच नव्हते, पण हे आमच्या भावोजींसमोर बोलायची सोय नाही.)

अमेरिकेत लोकांची बोलणीही डीफ्रान्झना खावी लागली. पण १९८६ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सदस्य झाल्या, आणि १९९७ मध्ये तिच्या पहिल्या महिला उपाध्यक्ष.

भाचीने शेवटचं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. ती नदीकाठीच मोबाइलवर निकाल शोधत बसली. घरी ताईने जेवायला दोन हाका मारल्या, तरी वाचन चालूच.

सकाळी फोव, म्हणजे आपले पोहे, खाताना म्हणाली, "मामा, न्यायाधीशांनी कायद्याचा शब्द धरला आणि हेतू सोडला."

मी गुळाचे फोव पुढे ओढले. वकिलाशी वाद कोण घालणार?