ॲलिस वॉल्टन आणि बेंटनविलचे कलासंग्रहालय

वॉलमार्ट या दुकानसाखळीचे संस्थापक सॅम वॉल्टन यांची कन्या ॲलिस वॉल्टन यांचे नाव ‘फोर्ब्स’च्या २०२५ च्या यादीत जगातील सर्वांत श्रीमंत महिला म्हणून आले. त्यांच्या संपत्तीचा अंदाज तेव्हा सुमारे १०१ अब्ज डॉलर इतका होता. या आकड्यापेक्षा त्यांनी पैशाचे काय केले, आणि विशेषतः कुठे केले, हे मला अधिक मोलाचे वाटते. वॉलमार्टच्या मुख्यालयाच्या गावी, म्हणजे अर्कान्सास राज्यातील बेंटनविल येथे, संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांमुळे बरीच भारतीय कुटुंबे राहतात आणि त्यांत मराठी घरेही आहेत. अशाच एका घरी मुक्कामाला असताना मला तेथील ‘क्रिस्टल ब्रिजेस’ हे संग्रहालय सावकाश पाहता आले, आणि तेव्हापासून त्याबद्दल लिहावे असे मनात होते.

ॲलिस यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९४९ रोजी अर्कान्सासमधीलच न्यूपोर्ट येथे झाला. चार भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वडिलांचे न्यूपोर्टमधील दुकान भाडेकरार न वाढवल्यामुळे हातचे गेले, म्हणून कुटुंब बेंटनविल या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावी आले आणि तेथील चौकात त्यांनी नवे दुकान थाटले. पहिले वॉलमार्ट शेजारच्या रॉजर्स गावात १९६२ साली उघडले. ओझार्कच्या डोंगराळ भागात तंबू ठोकून राहण्याच्या सहलींत आई हेलन आणि ॲलिस जलरंगांत निसर्गचित्रे काढीत. दहा वर्षांच्या असताना त्यांनी वडिलांच्याच दुकानातून पिकासोच्या एका चित्राची छापील प्रत सुमारे दोन डॉलरला विकत घेतली, आणि ती त्यांची पहिली चित्रखरेदी होती. पुढे त्यांनी सॅन अँटोनियोच्या ट्रिनिटी विद्यापीठात अर्थशास्त्र व वित्तविषयाचे शिक्षण घेतले, गुंतवणुकीच्या व्यवसायात काम केले आणि १९८८ मध्ये ‘लामा कंपनी’ ही स्वतःची संस्था काढली. वायव्य अर्कान्सासला विमानतळ हवा म्हणून त्यांनी पाठपुरावा केला आणि त्यासाठी याच कंपनीमार्फत ७ कोटी ९५ लाख डॉलरचे रोखे उभारले. हा विमानतळ १९९८ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या प्रवासी इमारतीला त्यांचे नाव दिले गेले.

संग्रहालयासाठी त्यांनी निवडलेली जागा वॉल्टन कुटुंबाच्याच मालकीची होती. ज्या रानात त्या लहानपणी खेळल्या, त्याच १२० एकरांच्या परिसरातील झऱ्याचे पाणी अडवून दोन तळी करण्यात आली, आणि वास्तुरचनाकार मोशे साफ्दी यांनी त्यांच्या भोवती व त्यांच्यावरून पुलासारखी दालने उभारली. ‘क्रिस्टल’ हे नाव या ‘क्रिस्टल स्प्रिंग’ झऱ्यावरून आले आहे. ११ नोव्हेंबर २०११ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. त्याच वर्षी वॉल्टन कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने ८० कोटी डॉलरचा निधी दिला, आणि सर्वांना विनामूल्य प्रवेश मिळावा म्हणून वॉलमार्टने २ कोटी डॉलर वेगळे दिले. या विनामूल्य प्रवेशाचे महत्त्व दालनांतून फिरताना कळते. शाळकरी मुलांचे घोळके आणि चित्रसंग्रहालयाशी यापूर्वी फारसा संबंध न आलेली माणसे तेथे कोणताही संकोच न बाळगता वावरताना दिसतात.

चित्रांच्या खरेदीवर मात्र मोठे वादंग झाले. ॲशर ड्युरँड यांचे १८४९ मधील ‘किंड्रेड स्पिरिट्स’ हे चित्र न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने २००५ मध्ये विकायला काढले आणि बंद लिफाफ्यातील बोलीने, ३.५ कोटी डॉलरहून अधिक किंमत देऊन, ॲलिस यांनी ते घेतले, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले. न्यूयॉर्कचा ठेवा बाहेर गेला म्हणून तेथे हळहळ व्यक्त झाली. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियातील एका वैद्यकीय विद्यापीठाने थॉमस एकिन्स यांचे ‘द ग्रॉस क्लिनिक’ हे चित्र, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या भागीदारीत, ६ कोटी ८० लाख डॉलरला त्यांना देऊ केले, तेव्हा शहरातील नागरिकांनी आणि संस्थांनी तेवढी रक्कम उभी करून ते चित्र गावातच राखले. फिलाडेल्फियाचा हा लढा मला योग्य वाटतो, कारण एकिन्स त्याच शहराचे होते आणि चित्रातील शल्यक्रियाही तेथीलच होती. पण मोठी चित्रे केवळ किनाऱ्यावरच्या महानगरांतच असावीत, अर्कान्सासच्या माणसाने ती पाहण्यासाठी हजार मैल प्रवास करावा, हा त्या काळच्या काही टीकांतील सूर मला मान्य नाही. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाशी झालेला व्यवहार मला अधिक समंजस वाटतो. चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी त्या विद्यापीठाला दिलेल्या १०१ कलाकृतींच्या संग्रहातील निम्मा हक्क क्रिस्टल ब्रिजेसने ३ कोटी डॉलरला घेतला, आणि आता तो संग्रह दोन्ही ठिकाणी आळीपाळीने ठेवला जातो. २०१७ साली ॲलिस यांनी स्थापन केलेले ‘आर्ट ब्रिजेस’ प्रतिष्ठान असाच विचार पुढे नेते. लहान गावांतील संग्रहालयांना ते कलाकृती उसन्या देते आणि त्यासाठी लागणारा खर्चही करते.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला पैसा कुठून आला, हा प्रश्न टाळून या दानशूरपणाबद्दल लिहिणे मला प्रामाणिक वाटत नाही. संग्रहालय उघडण्याच्या आधीच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०११ मध्ये, वॉलमार्टने आठवड्याला २४ तासांपेक्षा कमी काम करणाऱ्या नव्या अर्धवेळ कर्मचाऱ्यांना यापुढे आरोग्यविमा मिळणार नाही असे ठरवले होते. कमी वेतनावरून कंपनीवर वर्षानुवर्षे टीका होत आली आहे आणि ती निराधार नाही. ॲलिस यांनी दिवस-रात्र चालणारा तो कारभार स्वतः चालवला नाही हे खरे, परंतु त्यांची संपत्ती वॉलमार्टच्याच समभागांची आहे. चित्रे पाहून मन भरून येते तेव्हा ती दुकाने चालवणाऱ्या माणसांची आठवण ठेवणे मला आवश्यक वाटते, आणि त्या आठवणीने संग्रहालयाचे मोल कमी होते असे मी मानत नाही.

म्हणूनच ॲलिस यांचे अलीकडचे काम मी अधिक लक्षपूर्वक पाहत आहे. १९८३ साली मेक्सिकोत त्यांची गाडी दरीत कोसळली, पायाच्या हाडाला गंभीर इजा झाली आणि त्यांना अनेक शस्त्रक्रियांमधून जावे लागले. त्या अनुभवानंतर आजार झाल्यावर उपचार करण्यापेक्षा आरोग्य राखण्याकडे वैद्यकाने वळावे, असे त्या सांगत आल्या आहेत. संग्रहालयाच्याच परिसरात त्यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले असून जुलै २०२५ मध्ये ४८ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. पहिल्या पाच तुकड्यांचे शिक्षणशुल्क माफ आहे, आणि आहारशास्त्राला तसेच कला व मानव्यविद्यांना अभ्यासक्रमात खास स्थान आहे. अर्कान्सास हे अमेरिकेतील आरोग्याच्या बाबतीत मागे असलेले राज्य आहे आणि त्याच्या ग्रामीण भागांत डॉक्टरांची टंचाई आहे. कर्जाचे ओझे नसलेले हे तरुण डॉक्टर २०२९ मध्ये बाहेर पडतील, तेव्हा त्यांपैकी किती जण याच राज्यातील खेड्यांत थांबतात आणि वॉलमार्टच्या गल्ल्यावर उभ्या असणाऱ्या कुटुंबांवर उपचार करतात, यावरून मी या महाविद्यालयाचे यश मोजणार आहे.