मास्तरांची ट्रंक: प्लॅस्टिक न सोडवताच स्कॅन

जमलं! आपल्या फोटो क्लबच्या मास्तरांची जुन्या निगेटिव्हनी भरलेली ट्रंक मी स्कॅन करतोय. मागच्या वेळी जिथे घोडं अडलं होतं, त्या खालच्या थरातल्या पट्ट्यांमधून काल रात्री पहिली स्वच्छ फ्रेम निघाली. आणि गंमत म्हणजे पट्टी अजून प्लॅस्टिकला चिकटलेलीच आहे.

ट्रंकेचा वरचा थर बटर पेपरच्या पाकिटांतला. तो ठणठणीत, स्कॅन होऊन गेला. खरं दुखणं होतं खालचे अल्बम. त्या काळी सगळेच असले गुळगुळीत प्लॅस्टिकच्या खिशांचे अल्बम घ्यायचे, मास्तरांनीही घेतले. प्लॅस्टिक कुठलं ते बघायला तांब्याची तार गॅसवर लाल केली, अल्बमच्या रिकाम्या कोपऱ्याला टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार. म्हणजे क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. (खिडकी उघडी ठेवून करा, तो धूर वाईट.) पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट घालतात ते वर्षानुवर्षं पाझरतं. त्यात आपला पावसाळा. हवेत ८०-९० टक्के दमटपणा असला की फिल्मवरचं जिलेटिन (इमल्शन, म्हणजे ज्या थरात चित्र असतं तो) फुगतं आणि प्लॅस्टिकला जाऊन बसतं. पट्टी तिरकी धरली की चिकटलेल्या जागी ओलसर चकाकणारे डाग दिसतात. वर बुरशी आहेच, कोळिष्टकासारखी फांद्या फुटलेली.

आता खरी गोची ऐका. चिकटलेली फिल्म सोडवायची तर नेहमीचा उपाय म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवणं. पण बुरशी लागलेल्या जिलेटिनला पाणी दाखवायचं नाही, कारण बुरशी जिलेटिन पोखरून विरघळण्याजोगं करून ठेवते. भिजवलं की प्लॅस्टिक सुटेल आणि सोबत इमल्शनही पाण्यात जाईल. बुरशीचा उपाय आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्याने चिकटलेलं सुटत नाही. एक औषध दुसऱ्या दुखण्याला विष. मधला मार्ग म्हणून सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात पट्ट्या कोरड्या करून बघितल्या. काही नुसत्या बोटाने सुटल्या, बाकीच्या आणखी घट्ट झाल्या. एका निरुपयोगी पट्टीवर (भिंतीच्या एक्स्पोझर टेस्टची होती) कोरडी ओढून बघितली, तर इमल्शनचा तुकडा प्लॅस्टिकबरोबर निघून आला. मुंबईच्या एका लॅबला फोन केला तर त्यांचा माणूस बिनधास्त म्हणाला, “पाठवा, धुऊन देतो.” बुरशी आहे सांगितलं तरी “धुऊन देतो”च. म्हटलं राहू दे.

मग डोक्यात आलं ते इतकं सोपं होतं की हसू आलं. चिकटलीय इमल्शनची बाजू. पाठीची, म्हणजे बेसची (इमल्शनखालच्या पारदर्शक पट्टीची) बाजू बहुतेक ठिकाणी मोकळी आहे. मग सोडवायचं कशाला? खिशाच्या कडा ब्लेडने कापल्या, पाठीकडचं प्लॅस्टिक तेवढं काढून टाकलं. बेस ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिलने पुसला. मेडिकलमध्ये मिळतं ते ७० टक्क्यांचं घेऊ नका, उरलेलं पाणीच असतं. चिकटलेलं प्लॅस्टिक खाली, प्रकाशाकडे. बेस वर, लेन्सकडे. प्लॅस्टिकमधून फक्त उजेड येतो, चित्र त्याच्या आरपार बघावं लागत नाही. बेसच्या बाजूने चित्र सुलटं दिसतं, त्यामुळे नंतर फ्लिप करायची कटकटही वाचली. बेस जेमतेम ०.१३ मिलिमीटर जाड, तेव्हा लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस ग्रेनवर, म्हणजे चित्राच्या बारीक कणांवर लावायचा, बेसवरच्या धुळीवर नाही. मॅक्रो लेन्स, एफ/८, आणि कॅमेरा हलू नये म्हणून केबल रिलीज.

स्टँड म्हणून मास्तरांच्याच ऑपेमस एनलार्जरचा (निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायच्या यंत्राचा) खांब वापरतोय, डोकं काढून कॅमेरा बसवलाय. इतका ताठ कॉपी स्टँड बाजारात नव्याने घ्यायला गेलात तर खिसा रिकामा होईल. खाली स्वस्तातला एलईडी पॅड आहे, त्याचे ठिपके दिसायचे. म्हापशाच्या एका बोर्ड रंगवणाऱ्याकडून दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा कापून आणला आणि पॅडच्या दोन बोटं वर ठेवला. ठिपके गायब, आणि पसरट उजेडात प्लॅस्टिकवरचे ओरखडेही बरेचसे विरले. जे महागडे सीआरआय ९५ वाले (रंग अचूक दाखवणारे) पॅड सगळे सुचवतात ते रंगीत फिल्मसाठी ठीक, ब्लॅक अँड व्हाइटला त्याची गरज नाही.

फिल्म अर्धवट चिकटलेली आहे तिथे मात्र न्यूटन रिंग्ज, म्हणजे फिल्म आणि प्लॅस्टिकमधल्या फटीमुळे उमटणारी वलयं, येतात. पट्टी किंचित दाबून परत एक शॉट घेतला की रिंग्ज सरकतात, चित्र सरकत नाही. दोन-तीन शॉट लेयरमध्ये रचून रिंग्ज पुसता येतात. बुरशीच्या फांद्या हातानेच रिटच कराव्या लागतील. स्कॅनरमधली इन्फ्रारेडवाली डस्ट रिमूव्हल (धूळ-डाग आपोआप पुसणारी सोय) चांदीच्या, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर चालत नाही, म्हणून फ्लॅटबेड स्कॅनर घ्या असं कृपया परत कोणी सुचवू नका.

आता कालच्या फ्रेमकडे. मास्तरांच्या रोलच्या नोंदींच्या रजिस्टरप्रमाणे तो रोल गोव्यातल्या जांबावलीच्या गुलालोत्सवाचा. क्लबचे कंपाउंडर काका देवळाबाहेरच्या पायरीवर, चहाचा ग्लास ओठांपासून इंचभर दूर, काचेवर बोटांचे गुलाली ठसे (फिल्मवर अर्थात राखाडी), चष्म्याची एक काच पुसलेली, दुसरी नाही. उजवीकडचा तिसरा भाग कापला गेलाय, कारण ही रोलची शेवटची फ्रेम. मास्तर ओर्वो कंपनीच्या फिल्मच्या ३० मीटरच्या डब्यातून घरी कॅसेट भरायचे, तेव्हा फिल्मचा शेवट कॅसेटमध्ये टेपने चिकटवलेला असायचा आणि तिथेच अडकायचा. काकांचा इतका बरा फोटो त्यांच्या घरीही नसेल.

इथेच माझा सगळा बेत फिरला. आपण ठरवलं होतं की १९ ऑगस्टच्या (जागतिक छायाचित्रण दिनाच्या) प्रदर्शनात, आता हयात नसलेल्या सभासदांच्या आठवणीत, त्यांचे सलोनमध्ये (फोटो-स्पर्धांमध्ये) गाजलेले १२ बाय १५ इंचांचे प्रिंट लावायचे. पागेर (फेकायचं जाळं) टाकणारा पागी, मिठागरातलं बॅकलाइट, सुरकुत्यांची म्हातारी. सगळ्यांनी शंभरदा बघितलंय. पण ही माणसं स्वतः दिसत होती कशी? जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे, क्लबच्या फायलीत फक्त पासपोर्ट फोटो. आणि इकडे प्रत्येक रोलच्या शेपटीला ती बसलीत! रोल संपवल्याशिवाय धुता येत नाही, म्हणून उरलेल्या फ्रेम एकमेकांचे फोटो काढून संपवायचे. बसची वाट बघताना, चहाला, सावलीत टेकल्यावर. फ्रेम फुकटची, त्यामुळे पोज नाही, काँपोझिशन नाही. मला तरी ह्या फ्रेम सलोनच्या प्रिंटपेक्षा जास्त आवडतायत.

समितीतल्या काहींना रजिस्टरमधली ‘मांडवी पूल, जुलै ८६’ ही नोंद हवी आहे. ५ जुलै १९८६ ला पणजीचा हा पूल कोसळला, मास्तर आणि मंडळी दुसऱ्याच दिवशी बेतीच्या फेरीबोटीत चढली. तो रोलही खालच्या थरात आहे, त्याचाही नंबर येईल. पण कोसळलेला पूल वर्तमानपत्रांतही सापडेल. त्याच रोलच्या शेवटी फेरीबोटीत छत्र्या मिटून उभी असलेली आपली माणसं दुसरीकडे कुठे मिळणार? मोठी करायची तर ती करू.

हे लिहिता लिहिता अजून एक सुचतंय. शेपटीच्या फ्रेम मोठ्या करून भिंतीवर, आणि खाली टेबलावर त्या-त्या रोलची काँटॅक्ट शीट (सगळ्या फ्रेमचा एका कागदावरचा प्रिंट) मूळ मापात, लाल पेन्सिलीच्या खुणांसकट, बाजूला लूप, म्हणजे बघायचं भिंग. म्हणजे त्या दिवशी माणूस काय शोधत हिंडत होता तेही कळेल. रजिस्टरचं एक पानही लावावं म्हणतो. मास्तर फिल्म धुवायचं डी-७६ हे डेव्हलपर घरीच बनवायचे: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. आणि जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात समासात कुरकुर, ‘नळाचं पाणी २९ अंश, बर्फ आणला’. सलोनच्या सर्टिफिकिटांपेक्षा हे पान जास्त बोलतं.

एक नवा गुंता आहे. कॅमेरे एकमेकांना उसने दिले जायचे, त्यामुळे शेपटीची फ्रेम नक्की कोणी मारली ते सांगता येत नाही. मास्तरांच्या रोलवर मास्तर स्वतः आहेत, म्हणजे बटण दुसऱ्याच कोणीतरी दाबलं. नाव काय घालायचं? मला वाटतं फोटोखाली फक्त कोण दिसतंय ते लिहावं, कोणी काढला ते ओळखायला जुन्या मंडळींनाच बोलवावं. मास्तरांच्या घरच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “तुमकां जाय तें करा” (तुम्हाला हवं ते करा), आणि माळ्यावरचा अजून एक डबा पुढे केला. प्लॅस्टिकच्या बंद डब्यांत गुंडाळलेले न कापलेले रोल. झाकण उघडलं की व्हिनेगरचा भपकारा. म्हणजे बेसच कुजतोय, आणि बंद डब्यात ते अ‍ॅसिड कोंडून आणखी जोरात. त्यांना आधी हवा दिलीय, पीव्हीसीवाल्या पट्ट्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत.

तेव्हा क्रम बदलला: आधी व्हिनेगरवाले रोल, मग पूल, मग बाकीचे अल्बम. ज्यांच्या घरी स्वतःचे किंवा वडिलांचे रोल आहेत त्यांनी प्रत्येक रोलची शेवटची पट्टी तेवढी बघा, आणि चिकटली असेल तर ओढू नका, तशीच आणा. रविवारी ओळख परेड आहे. लूप आणि लाइट पॅड असेल तर सोबत घ्या, माझ्याकडे एकच आहे.