वांग्याला पेट्या?

"मधमाश्यांच्या पेट्याच आणतो भाड्यानं, वांग्याला फळ धरेना," पाठीवर पंप चढवता चढवता काका म्हणाले. शेंडा पोखरणाऱ्या अळीची फवारणी, तीही सकाळी, फुलं उमललेली असताना!

वांग्याचा पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून पडतो, मीठदाणीतून मीठ पडावं तसा. त्यासाठी फूल घट्ट धरून अंग थरथरवावं लागतं. पेटीतल्या मधमाशीला ते येतच नाही. येतं काळ्या भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाशीला. भुंगा वाळक्या लाकडात राहतो, ती मातीत. त्यांच्या पेट्या कुठून भाड्यानं आणणार?

"भुंगे? गोठ्याचे वासे पोखरलेत त्यांनी," काका वैतागले. "परवा त्यांच्यावरही मारलं."

आता फवारणी निदान संध्याकाळवर ढकला म्हणून मागे लागलोय. तुमच्याकडे ऐकतं का कुणी?